बाप म्हणावे की माउली? आईबापाची माया आणि ख्रिस्ती विचारातली देवाची प्रीती

वडगावच्या ज्या गल्लीत मी गेली तीस वर्षे राहतो, तिथे नाताळात करंज्यांचे ताट शेजारी पोहोचवायचे आणि दिवाळीत तिकडून आलेले ताट रिकामे परत करायचे नाही, असा रिवाज आहे. असेच एकदा ताट घेऊन गेलो असता शेजारच्या माळकरी काकूंनी विचारले, "तुमची प्रार्थना नेहमी बापापासूनच का सुरू होते रे? आमचा विठोबा पुरुष, कमरेवर हात ठेवून विटेवर उभा, तरी आम्ही त्याला माउली म्हणतो. तुमच्या देवाला आई होता येत नाही का?" संडे स्कूलमध्ये इतकी वर्षे शिकवत असूनही त्या वेळी मला चार वाक्ये धड बोलता आली नाहीत. काकूंनी चहा पुढे केला आणि बोलणे नातवाच्या परीक्षेकडे वळले. प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही, कारण त्याला नीट उत्तर द्यायचे तर आईबापाची माया आणि देवाची प्रीती यांचे ख्रिस्ती विचारात नेमके काय नाते आहे, तेच आधी उलगडावे लागते.

काकूंचे निरीक्षण खरे होते. बेळगावात रविवारच्या मराठी उपासनेत "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हटले जाते, कानडी उपासनेत "परलोकदल्लिरुव नम्म तंदेये" म्हटले जाते, आणि खानापूरकडच्या कोकणी बोलणाऱ्या कॅथलिक घरांत संध्याकाळच्या प्रार्थनेत "आमच्या बापा" ही हाक ऐकू येते. भाषा तीन, पण नाते एकच. ही प्रार्थना येशूने शिष्यांना शिकवली असे मत्तय आणि लूक या दोन्ही शुभवर्तमानांत लिहिलेले आहे, त्यामुळे तिच्यातला पहिला शब्द बदलण्याचा विचार मंडळीने सहसा केला नाही.

या शब्दाचा सर्वसाधारण अर्थ लोक असा लावतात की बाप मुलांवर माया करतो, देवही आपल्यावर माया करतो, म्हणून देव बापासारखा. यात चूक नाही, पण ख्रिस्ती विचार इथे सुरू होत नाही. त्याची दिशा बरोबर उलटी आहे. बायबलमधल्या इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की स्वर्गात आणि पृथ्वीवर जितकी कुळे आहेत, त्या सर्वांना नाव मिळते ते त्या पित्यापासून. मूळ ग्रीकमध्ये 'पातेर' म्हणजे पिता आणि 'पात्रिया' म्हणजे कूळ असा शब्दांचा मेळ आहे, जो भाषांतरात हरवतो. मथितार्थ असा की आपण घरातला बाप पाहून देवाला बाप हे नाव दिलेले नाही. बापपण मुळात देवाचे, आणि आपल्या घरातले बापपण त्याच्या प्रकाशाने उजळलेले. राकसकोप जलाशयाच्या पाण्यात चंद्र दिसतो तेव्हा तो खराच दिसतो, पण तो पाण्याने निर्माण केलेला नसतो, आणि वारा सुटून पाणी हलले तर प्रतिबिंब तुटते, चंद्र तुटत नाही.

याच्या मागे आणखी एक खोल मुद्दा आहे, आणि तो थोडा अवघड असला तरी वगळून चालणार नाही. आपल्याला मूल झाले की आपण आईबाप होतो, त्याआधी नसतो. मग माणसे निर्माण करण्यापूर्वी देव पिता होता काय? चौथ्या शतकात आरियस नावाच्या धर्मगुरूने असे मत मांडले की पुत्राला, म्हणजे ख्रिस्ताला, सुरुवात आहे. त्यावर विरोधकांचे म्हणणे असे पडले की मग एके काळी देव पिता नव्हताच असे मानावे लागेल. सन ३२५ मध्ये निकिया येथे भरलेल्या चर्चच्या परिषदेने आरियसचे मत नाकारले. योहानाच्या सतराव्या अध्यायात येशू पित्याला म्हणतो की जगाच्या स्थापनेपूर्वी तू माझ्यावर प्रीती केलीस. म्हणजे प्रीती करायला देवाला जगाची वाट पाहावी लागली नाही, ती त्याच्या ठायी आधीपासून होती. आईबाप मुलासाठी जे करतात ते या जुन्या प्रीतीचे नवे, छोटे आणि सदोष रूप, अशी ही मांडणी आहे.

यावर आक्षेप आहेत. मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइडने १९२७ मध्ये असा युक्तिवाद केला की असहाय लहानपणी हवाहवासा वाटलेला बलवान बापच माणूस मोठेपणी आकाशात बसवतो. पुराव्याचा कागद दाखवून हा आक्षेप खोडता येत नाही, हे मान्य करावे. मात्र एखाद्या गोष्टीची ओढ असणे हे ती गोष्ट नसल्याचेही लक्षण नव्हे. तहान लागते म्हणून पाणी खोटे ठरत नाही.

आता 'सारखा' या शब्दाची मर्यादा पाहू. १२१५ मध्ये भरलेल्या चर्चच्या चौथ्या लॅटरन परिषदेने असे सूत्र घालून दिले की निर्माता आणि निर्मित यांच्यात कितीही साम्य दाखवले, तरी त्याहून मोठा भेद शिल्लक राहतोच. येशूची बोलण्याची पद्धत मात्र परिषदेच्या भाषेपेक्षा घरगुती आहे. मत्तयाच्या सातव्या अध्यायात तो विचारतो, मुलाने भाकर मागितली तर त्याला धोंडा देईल असा तुमच्यात कोण आहे? मासा मागितला तर साप कोण देईल? आणि पुढे म्हणतो, तुम्ही वाईट असताही आपल्या मुलांना चांगल्या वस्तू द्यायचे तुम्हाला कळते, तर स्वर्गातील पिता किती विशेषेकरून देईल! आपल्याकडच्या शास्त्रकारांनी अशा युक्तिवादाला कैमुतिक न्याय असे नाव दिले आहे: लहानाच्या बाबतीत जे खरे, ते मोठ्याच्या बाबतीत किती अधिक खरे. माझ्या मते या विषयातला कळीचा शब्द 'पिता' नसून 'किती विशेषेकरून' हा आहे, आणि प्रवचनांत नेमका तोच घाईने वाचला जातो.

त्यातला 'तुम्ही वाईट असताही' हा तुकडा आणखीनच घाईने वाचला जातो, कारण तो आईबापांना बोचतो. माझे वडील खानापूर तालुक्यातल्या एका लहान गावात शेती करीत, आणि मी कॉलेजसाठी रोज येऊन-जाऊन असे. एका जुलैत ओढ्याला पाणी चढल्यामुळे शेवटची बस दोन तास उशिरा आली. फाट्यावर उतरलो, तर वडील पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन, बॅटरी पोटाशी धरून उभे होते. सेल वाचावेत म्हणून त्यांनी ती विझवून ठेवली होती. बस निघून गेल्यावर त्यांनी बॅटरी पेटवली आणि उजेड माझ्या तोंडावर न टाकता पायांपुढे टाकला, कारण त्या आठवड्यात रस्त्याकडेला चर खणलेला होता. घरापर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही, ते स्वतः अंधारात चालले आणि उजेड सगळा माझ्या बाजूला राहिला. याच वडिलांनी दोन हात बांधावरून सख्ख्या भावाशी अकरा वर्षे अबोला धरला, आणि चुलत बहिणीच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा ती न उघडता कपाटावर टाकली. माणूस एकच. फाट्यावरचा बाप खोटा नव्हता आणि बांधावरचाही खोटा नव्हता. 'तुम्ही वाईट असताही' या तीन शब्दांत दोघेही मावतात, आणि आईबाप म्हणजेच देव असे ख्रिस्ती शिकवणीत का म्हणता येत नाही, हेही तिथेच कळते. आईबापाचा मान राखावा ही दहा आज्ञांपैकी एक आहे, पण पूजा त्यांची नाही.

काकूंच्या खऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे माउलीकडे, मी आता येतो. जुन्या कराराच्या हिब्रू भाषेत गर्भाशयाला 'रेहेम' म्हणतात आणि त्याच धातूपासून 'रहमीम' हा करुणेचा शब्द होतो. गंमत अशी की १०३ व्या स्तोत्रात, बाप जशी मुलांवर ममता करतो तशी परमेश्वर करतो, असे सांगताना बापाच्या ममतेसाठीसुद्धा याच गर्भाच्या धातूचे क्रियापद वापरलेले आहे. मराठी माणसाला हे समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत, कारण आपली भाषाही मायेचे घर पोटातच मानते. पोटची पोर, पोटात तुटणे, आतड्याची माया हे शब्द आपण रोज वापरतो, आणि क्षमा मागताना तर "माझा अपराध पोटात घाला" असे म्हणतो. अपराध पोटात घालणे म्हणजे काय, याचा विचार आपण सहसा करीत नाही. ज्या जागी मूल वाढवायचे, त्या जागी त्याची चूक सामावून घ्यायची, असा तो अर्थ आहे. करुणा आणि गर्भ यांची गाठ हिब्रूने धातूत बांधली, मराठीने वाक्प्रचारात.

यशयाच्या ग्रंथात तर आईचे नावच घेतलेले आहे. एकोणपन्नासाव्या अध्यायात देव विचारतो, आई आपल्या तान्ह्या बाळाला विसरेल काय? आणि उत्तर अपेक्षेपेक्षा कठोर आहे: कदाचित ती विसरेलही, पण मी तुला विसरणार नाही. म्हणजे जगातली सर्वांत भरवशाची माया घेऊन तिच्याही पुढे पाऊल टाकलेले आहे. सहासष्टाव्या अध्यायात आई जसे सांत्वन करते तसे मी करीन, असे वचन आहे. स्वतः येशू यरुशलेमेकडे पाहून म्हणतो की कोंबडी जशी पिलांना पंखांखाली घेते तसे तुम्हाला एकत्र करावे असे कितीदा माझ्या मनात आले, पण तुमची इच्छा नव्हती. अवघे ३३ दिवस पोप असलेल्या पहिल्या जॉन पॉल यांनी १९७८ च्या सप्टेंबरात, देव आपला पिता आहे आणि त्याहूनही अधिक तो आई आहे, असे जाहीरपणे म्हटले. कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात तर देव पुरुषही नाही आणि स्त्रीही नाही, तो देव आहे, असे स्पष्ट विधान आहे. आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तरी वारकऱ्यांची भाषा सोडली नाही. त्यांनी ख्रिस्ताला गुरू आणि आई अशा दोन्ही नात्यांनी आळवले.

तरीही एक फरक झाकून ठेवू नये. पवित्र शास्त्र देवाची तुलना आईशी अनेकदा करते, पण त्याला हाक मारते ती पिता म्हणून. 'माउली' ही वारकऱ्याची थेट हाक आहे, तर बायबलमध्ये आईपण उपमेतून येते. काकूंच्या देवाचे आणि माझ्या देवाचे संबोधन एकच आहे असे मी त्यांना सांगितले असते, तर ते गोड लागले असते, पण खरे नसते.

आईबापाच्या मायेचे सर्वांत जवळून घेतलेले चित्र मला होशेय संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात दिसते. तिथे देव म्हणतो की इस्राएल लहान होता तेव्हा मी त्याच्यावर प्रीती केली, एफ्राइमला, म्हणजे इस्राएललाच, चालायला मीच शिकवले, त्यांना हातांवर घेतले, पण मी त्यांना बरे केले हे त्यांना कळले नाही. ज्याने पांगुळगाड्यामागे वाकून चालत दुपार काढली आहे, त्याला ही ओळ वेगळी समजवावी लागत नाही. मूल पुढे पाहत असते, त्याला वाटते आपणच चाललो. मागचा हात त्याला दिसत नाही, आणि मोठे झाल्यावर ते दिवस त्याच्या आठवणीतही उरत नाहीत. माया करणाऱ्याच्या लेखी असलेली सर्वांत मोठी मेहनत, ज्याच्यासाठी केली त्याच्या स्मृतीत मुळी नोंदलीच जात नाही, हे प्रत्येक घरातले वास्तव होशेयाने देवाच्या तोंडी घातले आहे. पुढे तो मुलगा बिघडतो, शिक्षेची भाषा येते, आणि मधेच देवाचा आवाज फुटतो: एफ्राइमा, मी तुला कसा सोडू?

उडाऊ पुत्राचा दाखला सगळ्यांना ठाऊक असतो, म्हणून त्यातले बारकावे निसटतात. लूकच्या पंधराव्या अध्यायातला धाकटा मुलगा बाप हयात असताना वाटणी मागतो. उताऱ्यावरच्या नावांसाठी भावाभावांत काय होते हे पाहिलेल्या आपल्या भागात त्या मागणीची धार वेगळी सांगायला नको. अनुवाद या ग्रंथाच्या नियमाप्रमाणे थोरल्याला दुप्पट भाग मिळे, त्यामुळे दोन मुलांत धाकट्याच्या वाट्याला एक तृतीयांश आला असणार. बापाने काय वाटून दिले हे सांगताना लूकने 'बिओस' हा ग्रीक शब्द वापरला आहे, ज्याचा अर्थ उपजीविका तसाच जीवनही होतो. सगळे उधळून, डुकरांच्या शेंगांवर पोट भरावे असे वाटू लागल्यावर मुलगा परतताना एक भाषण घोकतो: बापा, मी पाप केले, तुझा मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, मला एका मोलकऱ्यासारखे ठेव. बाप त्याला दुरूनच पाहतो, त्याला कळवळा येतो आणि तो धावत सुटतो. या कळवळ्यासाठी असलेला ग्रीक शब्द आतड्यांच्या नावावरून आलेला आहे. मग मुलगा घोकलेले बोलू लागतो, आणि ताडून पाहिले तर शेवटचे वाक्य, मोलकरी ठेवण्याचे, त्याच्या तोंडून बाहेरच पडत नाही. बाप मधेच चाकरांना झगा, अंगठी आणि जोडे आणायला सांगतो. नोकरीचा अर्ज पूर्ण होण्याआधीच नाते परत बहाल झालेले असते.

बाप घरातून दोनदा बाहेर येतो, हेही पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या वेळी तो थोरल्यासाठी येतो, जो रागाने आत यायला तयार नाही आणि धाकट्याचा उल्लेख 'हा तुमचा मुलगा' असा करतो. बाप त्याला उत्तर देताना 'हा तुझा भाऊ' असे म्हणतो आणि थोरल्याला बाळा म्हणून हाक मारतो. माझे वडील हा अध्याय मोठ्याने वाचून दाखवीत. पत्रिका कपाटावर पडली होती त्या वर्षांतही वाचीत.

माया म्हणजे मागेल ते देणे नव्हे, हेही या शिकवणीत येते. यशयाच्या चौसष्टाव्या अध्यायात एकाच वचनात देवाला पिता आणि कुंभार म्हटले आहे. खानापूरच्या कुंभाराला मडके थोपटताना ज्याने पाहिले आहे, त्याला बाहेरची थापी आणि आतला आधार ठाऊक असतो. परंतु शिस्तीवरची वचने मारकुट्या बापांनी फार वापरली आहेत. इब्री लोकांस पत्राचा लेखक मात्र तिथेच कबूल करतो की आपले ऐहिक बाप त्यांना बरे वाटेल तशी शिक्षा करीत, आणि पौलाने मुलांना चिडीस आणू नका असे बापांनाच बजावले आहे.

सर्वांत कठीण जागा गेथशेमाने बागेतली. तिथे येशू अरामी भाषेत "अब्बा" म्हणून हाक मारतो आणि दुःखाचा प्याला दूर करायला विनवतो. 'अब्बा' म्हणजे केवळ लहान मुलाचे बोबडे 'बाबा' असे पूर्वी सांगितले जाई. पण मोठी मुलेही हाच शब्द वापरत, असे जेम्स बार या अभ्यासकाने १९८८ मध्ये दाखवून दिले. म्हणजे ही प्रौढ मुलाची विश्वासाची हाक होती, आणि प्याला दूर झाला नाही. इथे आईबापाची उपमा थांबते. पित्याने आपल्या पुत्राला राखून ठेवले नाही, तर आपल्या सर्वांसाठी दिले, असे पौल म्हणतो, आणि ख्रिस्ती माणूस देवाच्या प्रीतीचे माप वधस्तंभावर घेतो, पाळण्यावर नाही.

मग ज्याच्या वाट्याला आईबापाची मायाच आली नाही, त्याने काय करायचे? प्रतिबिंब नसेल तर चंद्र कळणारच नाही का? सत्ताविसाव्या स्तोत्रात, आईबापाने मला सोडले तरी परमेश्वर मला जवळ घेईल, असे आहे. पौल यासाठी वकिली शब्द वापरतो, 'दत्तकपण'. रोमन समाजात दत्तक हा दुय्यम मुलगा नसे. ज्युलियस सीझरच्या मृत्युपत्रातला दत्तक पुत्र पुढे सम्राट ऑगस्टस झाला. आपल्या जिल्ह्यात तर हा शब्द रक्ताने लिहिलेला आहे: कित्तूरच्या गादीचा दत्तक वारस कंपनी सरकारने मान्य केला नाही, म्हणून १८२४ मध्ये राणी चन्नम्मांना लढावे लागले. दत्तक मान्य होणे म्हणजे वारसा मान्य होणे, हे कित्तूरच्या माणसाला कोणी शिकवायला नको. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात "अब्बा" ही हाक, दत्तकपण आणि वारस हे तीनही शब्द लागोपाठ येतात.

माझ्या वर्गात आजीने वाढवलेला एक मुलगा होता. त्याचा बाप घर सोडून गेलेला. प्रार्थना सुरू झाली की पहिल्या ओळीला तो ओठ मिटून घेई. देव तुझ्या बाबांसारखा आहे, असे मी त्याला एकदा सांगून बसलो होतो, आणि शिक्षक म्हणून माझ्या हातून झालेली ती मोठी चूक होती. पुढे दत्तकपणाचा धडा झाला तेव्हा त्याने हात वर करून विचारले, "दत्तक गेल्यावर आजीला सोडावं लागतं का?" मी त्याला पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेले दुसरे पत्र काढून दिले. तीमथ्याचा बाप ग्रीक होता एवढेच प्रेषितांच्या कृत्यांत येते, पण त्याचा विश्वास कुणाकडून आला हे पौल नावानिशी लिहितो: आधी तुझी आजी लोईस, मग तुझी आई युनीके. मुलाने 'आजी' या शब्दाखाली बोट धरले, ओळ दोनदा वाचली, आणि घरी दाखवायला नेऊ का, असे विचारले.